चाळ भरपूर, गिरणी थोडी

गेल्या काही महिन्यांत गिरणगावावरची पुस्तकं ओळीनं वाचली. काही पहिल्यांदा, काही पुन्हा. भाऊ पाध्ये, नारायण सुर्वे, जयंत पवार, थोडं मागं जाऊन मामा वरेरकर, आणि नीरा आडारकर व मीना मेनन यांनी इथल्या माणसांच्या तोंडून उभी केलेली ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’. ही पुस्तकं सुटी सुटी वाचली तर प्रत्येकाचं काही वेगळंच मनात राहतं. सलग वाचली की मात्र एक गोष्ट डोळ्यांत भरते आणि मग प्रत्येक पानावर तीच जाणवत राहते. आपल्या साहित्यात चाळ भरपूर आहे, गिरणी थोडी. खोली आहे, गॅलरी आहे, सकाळचा नळ आहे. नाका, व्यायामशाळा, खाणावळ, गणपती, भजन आहे. संप आहे, मोर्चा आहे, लाल बावटा आहे. संपानंतरची बेकारी आणि हातातून निसटलेली पोरं तर आहेतच. पण सकाळी सातच्या पाळीला माणूस गेटातून आत जातो आणि दुपारी साडेतीनला बाहेर पडतो, त्या मधल्या वेळात तो हातांनी नेमकं काय करतो, हे या पुस्तकांतून फार थोडं कळतं. ज्या कामामुळे ही वस्ती वसली, तेच काम पुस्तकात बहुतेक वेळा भिंतीपलीकडं राहतं.

हे मत समीक्षकाचं नाही, ग्रंथालयाच्या देवघेव विभागात काम करणाऱ्या वाचकाचं आहे. परळ, लालबाग, नायगाव, दादर या पट्ट्यात खिडकीवर बसणाऱ्याला पुस्तकांबद्दलची मतं मागावी लागत नाहीत; पुस्तक परत करता करता लोक एखाददुसरं वाक्य बोलून जातात. गिरणगावावरच्या पुस्तकांबद्दल ‘अगदी आमच्या चाळीसारखं आहे’ किंवा ‘आमची आई अशीच होती’ हे नेहमीचं बोलणं. ‘आमच्या खात्यासारखं आहे’ असं मात्र कुणी म्हणत नाही. ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या गिरणीत गेल्या, त्यांना या पुस्तकांत आपलं घर सापडतं, बापाची कामाची जागा सापडत नाही. असल्या सहज मतांना मी किंमत देतो. समीक्षक रचना पाहतो, परंपरा पाहतो आणि ते त्यानं पाहायलाच हवं; पण ज्या वस्तीबद्दल लिहिलंय त्या वस्तीतला वाचक पुस्तक आपल्या आयुष्यावर घासून बघतो, आणि कुठं काही कमी पडलं तर त्याला ते आधी कळतं. मराठीत या वाचकाला मान देण्याची रीत जुनी आहे. गिरगावच्या मॅजेस्टिक प्रकाशनाच्या केशवराव कोठावळ्यांनी 1964 साली सुरू केलेल्या ‘ललित’ मासिकानं ‘चोखंदळ वाचकांची निवड’ हे सदर चालवलं ते याच विश्वासावर. तेव्हा वाचकाच्या हक्कानं थोडं सविस्तर बोलतो.

‘धावता धोटा’पासून सुरुवात करू. 1930च्या दशकात वरेरकरांनी गिरणी कामगाराला कादंबरीच्या मध्यभागी आणलं, ही मोठीच गोष्ट. त्या काळात मराठी कादंबरीचा नायक बहुधा शिकलेला आणि पांढरपेशा असे. पुस्तकाचं नावही थेट मागावरून आलेलं. पण वरेरकरांचा जीव रमतो तो मालक आणि मजूर यांच्या झगड्यात, वादविवादात, माणसांच्या तत्त्वनिष्ठेत. धोटा नावात धावतो. पानांवर तो धावताना फारसा दिसत नाही. भाऊ पाध्यांची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी. त्यांनी कामगार चळवळीत पूर्ण वेळ काम केलेलं होतं, ते जग त्यांना आतून माहीत होतं आणि ‘डोंबाऱ्याचा खेळ’ ही त्यांची पहिली कादंबरी (1960) त्या चळवळीवरच आहे. युनियनचं राजकारण, पुढाऱ्यांची चढाओढ, चळवळीत होणारी माणसाची ससेहोलपट, हे सगळं त्यांनी विलक्षण निर्भीडपणे लिहिलं. पुढं ‘वासूनाका’त (1965) ते नाक्यावर आले आणि नाक्याची भाषा त्यांनी अशी पकडली की ती आजही शिळी वाटत नाही. माझ्या मते मुंबईचा इतका खरा कान त्यांच्या पिढीत दुसऱ्या कुणाला नव्हता. तरीही युनियनच्या कचेरीतून नाक्यावर येताना मधली गिरणी त्यांनीही वगळली.

जयंत पवारांबद्दल बोलताना शब्द जपून वापरायला हवेत, कारण 1982च्या संपानंतरच्या गिरणगावाचा त्यांच्याइतका जवळचा साक्षीदार मराठीत दुसरा नाही. ‘अधांतर’ हे नाटक 1997 साली रंगभूमीवर आलं. चाळीतली धुरींची खोली, आई, वेगवेगळ्या दिशांना फेकली गेलेली मुलं, आणि बाहेर संपानं उद्ध्वस्त होत चाललेलं गिरणगाव. एका कुटुंबाच्या ताणातून अख्ख्या वस्तीचं कोसळणं दाखवणारं हे नाटक मी मराठीतल्या मोजक्या मोठ्या नाटकांत धरतो. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाला 2012चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते शीर्षक वाचताना लोअर परळच्या फिनिक्स मिलची आणि तिथं उभ्या राहिलेल्या मॉलची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पण पवारांची पिढी ही कामगारांच्या मुलांची पिढी. त्यांनी पाहिली ती गिरणी थांबल्यावर घरात आलेली अवकळा. जे पाहिलं ते त्यांनी पुरतं लिहिलं. त्यामुळे त्यांच्याकडं मागणी करण्यात अर्थ नाही. प्रश्न विचारायचा तो त्यांच्या आधीच्या सव्वाशे वर्षांना, म्हणजे 1856 साली ताडदेवला कावसजी दावरांची गिरणी सुरू झाली तिथपासून 18 जानेवारी 1982 रोजी अडीच लाख कामगार संपावर गेले तिथपर्यंतच्या काळाला.

गिरणीच्या आत काय होतं, हे एका उदाहरणानं सांगतो. साळखात्यात, म्हणजे विणाई खात्यात, साचे म्हणजे माग चालत. धोट्यातली कांडी संपली की नवी बसवायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. बोटांनी ते काढत बसलं तर वेळ जातो आणि साचा थांबला की मजुरी बुडते, कारण विणकराला पैसे कापडाच्या मापावर. म्हणून विणकर भोकाला ओठ लावून सूत श्वासानं ओढून घेई. एका पाळीत कितीतरी वेळा. कापसाची धूळ घशात जाई आणि तोच धोटा पुढच्या पाळीतला माणूस तोंडाला लावी. सूत तुटू नये म्हणून खात्यात वाफ सोडून हवा दमट ठेवलेली, खिडक्या बंद, साच्यांच्या खडखडाटात शेजाऱ्याचं बोलणंही ऐकू येत नसे, म्हणून सगळा व्यवहार खाणाखुणांनी. आता यातला दुसरा पदर बघा. धोटा तोंडाला लावायचा म्हणजे एकाचं उष्टं दुसऱ्याच्या तोंडात. हे कारण पुढं करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साळखात्यात शिरू दिलं जात नसे. त्यांनी सूतकताईच्या रिंग खात्यात किंवा त्याहून खालच्या कामांवर राहायचं, आणि साळखात्यातली जास्तीची मजुरी इतरांनी घ्यायची. परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षं राहिलेल्या डॉ. आंबेडकरांनी 1928-29च्या संपांच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं ठणकावून मांडला. भोकाला ओठ लावण्याच्या त्या एका हालचालीत यंत्र आहे, मजुरी आहे, क्षयरोग आहे आणि जात आहे. कादंबरीकाराला याहून भरीव ऐवज कुठं मिळणार? मला तो सविस्तर सापडला तो इतिहासाच्या अभ्यासात, राजनारायण चंदावरकरांसारख्यांच्या इंग्रजी लेखनात. लालबागच्या साळखात्यातली गोष्ट लालबागच्या वाचकाला इंग्रजी ग्रंथातून कळावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

असं का झालं असावं? सोपं उत्तर असं की लिहिणारे गिरगाव-दादरचे, राबणारे लालबाग-परळचे. खटाववाडीतलं मौज प्रकाशन, मॅजेस्टिक, ‘सत्यकथा’ मासिक हे सगळं गिरगावात, गिरण्यांपासून ट्रामनं जाण्याइतक्या अंतरावर. पण ते अंतर वाङ्मयात ओलांडलं गेलं नाही. या उत्तरात तथ्य आहे, तरी ते पुरेसं नाही. पाध्ये काही दूरचे नव्हते आणि सुर्वे तर गिरणगावातच वाढले. मला आणखी एक कारण दिसतं. आपली कथा-कादंबरी बोलण्यावर उभी आहे. दोन माणसं समोरासमोर आली, त्यांनी एकमेकांना काही सुनावलं, की मराठी लेखकाची लेखणी चालू लागते. चाळीत बोलण्याला तोटा नाही. गॅलरीत, नळावर, जिन्यात संवाद आयते मिळतात. ‘बटाट्याची चाळ’सारखं पुस्तक त्यातूनच जन्माला येतं आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचलं जातं. साळखात्यात मात्र बोलणंच अशक्य. तिथं शिरायचं तर लेखकाला संवादाची काठी टाकून द्यावी लागते आणि नुसतं हाताकडं, डोळ्यांकडं, सुताकडं बघत लिहावं लागतं. शाहिरांचीही अडचण तीच, फक्त उलट बाजूनं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांची कला गेटाबाहेरच्या हजारोंच्या सभेसाठी होती. सभेला हवी असते ती एकजूट, आणि एकजुटीत प्रत्येक खात्याचं वेगळं काम पुसलं जातं. साळखात्यातला, रिंगवाला, वायडिंगवाली, बदली कामगार, मुकादमी करणारा जॉबर हे सगळे मिळून एक कामगार होतात. चळवळीला ते आवश्यकच होतं. साहित्याला मात्र ते पुरत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: साहित्य म्हणजे कारखान्याची माहितीपुस्तिका नव्हे, वाचकाला माणूस हवा, यंत्र कशाला? आक्षेप वजनदार आहे, पण मराठी साहित्यानंच तो खोटा ठरवलाय. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) वाचून मेंढरं राखणं म्हणजे काय असतं हे शहरी वाचकाला कळलं, आणि त्यामुळे धनगर माणूस कमी न होता अधिकच भरला. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त शेतातल्या कामाचे कष्ट इतक्या बारकाईनं येतात की वाचताना अंग दुखावं, शिकण्यासाठी त्या मुलानं केलेली धडपड आपल्याला भिडते ती त्या कष्टांच्या वजनामुळेच. उर्मिला पवारांनी आत्मचरित्राला नावच ‘आयदान’ दिलं, आईच्या हातातल्या बांबूच्या विणकामावरून. म्हणजे कामाच्या तपशिलातून माणूस उभा करणं मराठीला उत्तम जमतं, गावाकडं गेलं की जमतं. लेखक स्वतः कामगार नसला तर काय, हा प्रश्नही यातच निकाली निघतो. ‘जर्मिनाल’ ही खाणकामगारांवरची कादंबरी लिहिणारा एमिल झोला स्वतः खाणकामगार नव्हता. 1884 साली उत्तर फ्रान्समधल्या खाणीत उतरून, तिथं हिंडून त्यानं टिपणं काढली आणि पुढच्या वर्षी ती कादंबरी पुस्तकरूपानं आली. आपल्याकडं गिरणीचं गेट तर रोज रस्त्यावरून दिसत होतं.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे: नारायण सुर्व्यांचं काय? आई-वडील गिरणीत, स्वतः लहानपणापासून मिळेल ते काम केलेलं, शाळेत शिपाई आणि मग शिक्षक. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (1962) आणि ‘माझे विद्यापीठ’ (1966) हे संग्रह पुन्हा वाचताना त्यांच्या भाषेचा मोकळेपणा आजही थक्क करतो. सुर्व्यांनी मराठी कवितेत कामगाराला बोलतं केलं, आणि त्याला स्वतःबद्दल अभिमानानं बोलायला शिकवलं. हे ऋण फेडता येण्याजोगं नाही. पण सुर्व्यांचा कामगार बहुतांशी रस्त्यावर, फुटपाथवर, सभेत, घरात भेटतो. तो आपल्या वर्गाबद्दल बोलतो, जगाबद्दल बोलतो, पोराच्या शाळेबद्दल बोलतो. साच्यापुढं उभा असताना तो कवितेत क्वचित येतो. कवीकडं कवितेपलीकडचं मागणं योग्य नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच माझा रोख सुर्व्यांवर नाही. सुर्व्यांनी दार उघडून दिल्यावर त्यातून पुढं आत जायला गद्य लेखक आला नाही, याकडं आहे.

तिसरा आक्षेप असा की ही उणीव ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’नं भरून काढलीच की. या पुस्तकाबद्दल मला अतिशय आदर आहे. मूळ इंग्रजी पुस्तक 2004 साली आलं, ते ज्यांच्याबद्दल होतं त्यांना वाचता यावं म्हणून मराठीत आलं, आणि मी वाचलेल्या पुस्तकांत खात्यांचे, पाळ्यांचे, बदलीच्या रांगेचे तुकडे सर्वांत जास्त मिळतात ते यातच. शंभरेक माणसं यात बोलतात आणि एकाची साक्ष दुसऱ्याशी जुळतेच असं नाही. संपाबद्दल, पुढाऱ्यांबद्दल ती एकमेकांविरुद्ध बोलतात आणि संपादिकांनी ते तसंच राहू दिलंय. त्यामुळे पुस्तक विश्वासार्ह झालंय. तरीही मुलाखतीला मर्यादा असते. कामगाराला संपाबद्दल विचारलं तर तो तासभर बोलतो. कामाबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत आटपतो, कारण त्याच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नसतं. तीस वर्षं जे हातांनी केलं ते तोंडानं सांगायची कुणाला सवय नसते. ते बाहेर काढायला लेखकाची चिकाटी लागते आणि पुन्हा पुन्हा विचारावं लागतं.

बायकांच्या बाबतीत तर ही पोकळी दुप्पट आहे. 1920च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांपैकी साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या, मुख्यतः वायडिंग आणि रिळांच्या खात्यांत. त्यांच्यावर देखरेखीला नायकिणी असत, त्यांची पोरं कामाच्या जागेजवळ झोपवलेली असत. पुढं रात्रपाळीचे कायदे, प्रसूतीच्या सवलतींचा खर्च टाळणारे मालक आणि नवी यंत्रं यांच्यामुळे त्यांची संख्या घसरत गेली, आणि युनियननंही त्यासाठी फारसा झगडा केला नाही. साहित्यात गिरणगावची बाई आली ती आई म्हणून, खाणावळवाली म्हणून, संपात घर चालवणारी म्हणून. खाणावळवालीचं कष्टाळूपण खरंच होतं. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांच्या बळावर. पण गेटातून आत जाणारी, स्वतःच्या नावावर पगार घेणारी वायडिंगवाली मराठी कथेत मला जवळजवळ भेटलीच नाही.

कुणी म्हणेल, आता हे उकरून काय उपयोग? गिरण्या गेल्या, त्या जमिनींवर टॉवर आले, नव्या वाचकाला साच्याशी काय देणंघेणं? उपयोग आहे, आणि तो भावनेपुरता नाही. 1982च्या संपाबद्दल आजही दोनच बाजूंनी बोललं जातं, एक तर संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्यामुळे कामगार बुडाला, नाहीतर मालकांना गिरण्या बंदच करायच्या होत्या. या दोन्ही बोलण्यांत कामगार म्हणजे एक आकडा असतो. जो माणूस साचे सांभाळत होता, ज्याला आवाजावरून कुठलं सूत तुटलं ते कळत होतं, त्याच्या हातात एक कसब होतं हे दोन्ही बाजू विसरतात. पुढं त्याला वॉचमन व्हावं लागलं किंवा भाजीची गाडी लावावी लागली, तेव्हा पगार तर गेलाच, पण पंचवीस वर्षांत कमावलेलं कसबही एका दिवसात कवडीमोल झालं. हे नुकसान मोजायचं तर आधी ते कसब काय होतं हे माहीत हवं. ते माहीत नसल्यामुळेच आपण भरपाई, घरं, जमीन एवढ्यावरच बोलून थांबतो. घरांचा प्रश्न तातडीचा आहे आणि त्यासाठीचा लढाही रास्त आहे. त्याच्याइतकीच ही गोष्टही महत्त्वाची आहे, असं मला वाटतं.

1982च्या संपात जो सर्वांत कोवळा कामगार होता, तोही आज साठीपलीकडं आहे. साळखात्यात पंचवीस-तीस वर्षं काढलेली माणसं तर आता थोडीच राहिली, आणि त्यांतली बरीच कोकणात, घाटावर, आपापल्या गावी गेली. ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनी त्याच्याजवळ बसून संपाचं विचारण्याआधी कामाचं विचारावं. कुठलं खातं, किती साचे, पाळी सुरू झाल्यावर हात पहिल्यांदा कुठं जाई, सूत तुटलं की काय करायचं, जॉबर काय बघायचा, शेजारचा माणूस खुणेनं काय सांगायचा. मिळेल ते वहीत उतरवून काढावं, त्यांच्याच शब्दांत. चांगलं लिहिता येतं की नाही, याची काळजी करू नये. अशा वह्या जमल्या तर त्यांतून पुस्तक करणारा लेखक आणि ते छापणारा प्रकाशक मराठीत मिळेल, याची मला खात्री आहे. वही भरायचं काम मात्र याच वर्षी व्हायला हवं.